अर्धं बोट जास्त

परदेशातल्या नोकरीचं पत्र सोमवारी आलं आणि उत्तर शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. मी मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दवाखान्यांतले, कारखान्यांतले, शीतगृहांतले तापमापी आमच्याकडे येतात. आम्ही ते किती चुकतात ते बघतो आणि तसा दाखला देतो. पत्र अशाच, पण आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रयोगशाळेचं होतं. तीन वर्षांचा करार, राहायला खोली, आणि ज्या उपकरणांची मी फक्त चित्रं पाहिली होती ती रोज हाताखाली. अट एकच होती. पहिली दोन वर्षं कुटुंबाला आणता येणार नव्हतं.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला घरात सगळे मुंगी म्हणतात, कारण साखरेचा डबा कुठेही ठेवला तरी ती शोधून काढते.

नवऱ्याचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. तो म्हणाला, जा. हे त्याने इतक्या पटकन म्हटलं की मला संशय आला. मग तो बराच वेळ पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत बसला आणि म्हणाला की तिच्या वेण्या घालायला तेवढं शिकवून जा. मी म्हटलं, वेण्या ती स्वतःच घालते. त्यावर तो म्हणाला, "मग माझं काय राहिलं शिकायचं?"

बुधवारी संध्याकाळी मी आईबाबांकडे गेले. बाबा वेल्डर होते. मी पाच वर्षांची असताना ते परदेशी गेले आणि तेरा वर्षांची झाले तेव्हा कायमचे परत आले. त्यामुळे या विषयातला जाणकार घरातच होता.

त्यांनी पत्र दोनदा वाचून घेतलं. तिकीट कोण देणार, पासपोर्ट कुणाकडे राहणार, खोलीत किती जण, सगळं विचारलं. मी एकटीच असेन म्हटल्यावर त्यांना ते फार थाटाचं वाटलं. "आम्ही सहा जण होतो. त्यातले दोघं घोरण्यात पटाईत."

"त्यातला एक कोण ते सांगणार नाहीत," आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. मग तिने विचारलं, "मुंगीचे पाय आता केवढे झाले गं?"

आम्ही तिघंही हसलो. आमच्या घरात पायांचा विषय निघाला की त्याचा अर्थ एकच असतो.

बाबा तिकडे असताना माझे बूट ते पाठवायचे. रविवारी सकाळी आई वहीच्या मधलं जोडपान काढून जमिनीवर ठेवायची, मला त्यावर उभं करायची आणि पायाभोवती पेन्सिल फिरवायची. तळव्याच्या आतल्या बाजूला पेन्सिल आली की गुदगुल्या व्हायच्या. हलू नकोस, नाहीतर बाबा वाकड्या पायाचे बूट आणतील, असं ती दटावायची. तो कागद पत्रातून जायचा, आणि तीन-चार महिन्यांनी रजेवर येणाऱ्या कुणा ओळखीच्या माणसाबरोबर बूट यायचे. तपकिरी, बाजूला बक्कल असलेले, आणि खोक्याचं झाकण उघडताच नव्या रबराचा वास. मी ते खोकं उशाशी घेऊन झोपायचे.

बूट दर वेळी मोठे व्हायचे. थोडेथोडके नाही, चांगले दोन मापांनी. आई पुढे कापूस कोंबून द्यायची आणि पत्रात लिहायची, बूट अगदी मापात आले. मी त्यात फताफता चालायचे. शाळेत मला बदक म्हणत. मला त्याचं काही वाटत नसे, कारण विमानातून आलेले बूट वर्गात दुसऱ्या कुणाकडे नव्हते.

मी सात वर्षांची असताना बाबा पहिल्यांदा रजेवर आले. त्यांनी मला बूट घालून चालून दाखवायला सांगितलं. बक्कल नीट लागलं नव्हतं. चौथ्या की पाचव्या पावलाला बूट निघाला आणि कापसाचा बोळा बाहेर पडला. बाबा त्या बोळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बॅगेतून माझ्या पायांचे सगळे कागद काढले आणि सर्वांत नव्या कागदावर मला उभं केलं. कागदावरची बोटं माझ्या बोटांच्या पुढेच होती.

बूट पोचेपर्यंत पाय वाढणार म्हणून आई रेघ अर्धं बोट पुढे काढत होती. आणि बूट पोचेपर्यंत पाय वाढणार म्हणूनच बाबा दुकानात त्या रेघेपुढे आणखी अर्धं बोट धरत होते. दोघांनीही हातचा धरला होता आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्या कामात ही चूक नवीन माणसं हमखास करतात. तापमापी किती चुकतो ते धरून आकडा आधीच सुधारलेला असतो, आणि ते तोच आकडा पुन्हा सुधारतात. पण आमच्याकडे दाखला तरी खरा असतो. आईच्या पत्रांतून दर वेळी सगळं मापात आहे असंच जात होतं, मग चूक कळणार कशी?

त्या दिवशी दोघं खूप भांडली आणि भांडता भांडता हसायला लागली. आणि पुढची जोडी आखूड आली, कारण आता दुसरा धरेल म्हणून दोघांनीही काहीच धरलं नव्हतं. इथपर्यंतची गोष्ट आमच्याकडे पाहुण्यांनाही पाठ आहे.

बुधवारी हसणं ओसरल्यावर बाबा पुढे बोलले. हे मी कधी ऐकलं नव्हतं.

"सुरुवातीला मी अंदाज असा नाही धरायचो. बुटांच्या दुकानात तुझ्या वयाचं पोर दिसलं की थांबायचो. त्याच्या पायांकडे बघायचो आणि तुझे केवढे झाले असतील ते ठरवायचो. एकदा एका बाईने पोराला जवळ ओढून घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं... मग नाही थांबलो. मग अर्धं बोट धरायला लागलो."

आईच्या हातातली घडी तशीच राहिली. ती म्हणाली, "ती आखूड जोडी आली ना, तीही मापात आली असंच मी लिहिलं होतं."

"आणि आखूड होती ते मला पुढच्या रजेत कळलं," बाबा म्हणाले.

"तेव्हा कळवून काय झालं असतं? मधे किती दिवस गेले तेवढं मोजत बसला असतात."

मी बाबांना विचारलं, पुन्हा तीच वेळ आली तर जाल का?

"जाईन," ते म्हणाले. विचार करायला ते थांबलेसुद्धा नाहीत. "हे घर झालं, तू शिकलीस. पण हे माझं उत्तर झालं. बूट कुणाच्या पायात होते? तिला विचार."

घरी चालत जाताना मी तिला, त्या फताफता चालणाऱ्या बदकाला, विचारलं. खरं सांगायचं तर ती दुःखी नव्हती. त्या वर्षांतला रबराचा वास आठवला की मला अजून आनंदच होतो. तेव्हा बाबांशिवाय घर कसं रिकामं होतं असं मी म्हटलं, तर ते खोटं होईल. आमचं घर भरलेलं होतं, आणि बाबा त्यात खोक्याएवढे होते.

मग मला तेराव्या वर्षीची एक दुपार आठवली. बाबा कायमचे आले होते आणि आम्ही पहिल्यांदाच दोघं मिळून बूट घ्यायला गेलो. दुकानातल्या माणसाने माझ्या पायात बूट चढवला, तर बाबा गुडघ्यावर बसले आणि माझा अंगठा कुठवर आलाय ते बघायला बुटाच्या टोकावर आपला अंगठा दाबू लागले. मी पाय मागे घेतला. दुकानात माझ्या शाळेतल्या दोन मुली होत्या. मी म्हणाले, मला कळतं. बाबा उठले, पँटचा गुडघा झटकला आणि म्हणाले, "हो, तुला कळणारच."

मी परत येईन तेव्हा मुंगी अकरा वर्षांची असेल.

शुक्रवारी मी कळवलं की दोन वर्षं मला एकटीला येता येणार नाही. कुटुंब पहिल्या दिवसापासून आणता येईल अशी खालच्या हुद्द्याची जागा असेल तर ती मी आनंदाने घेईन. नवऱ्याने ते वाचलं आणि म्हणाला, खळ काय, कुठेही शिजते.

तीन आठवड्यांनी चार ओळींचं उत्तर आलं. तशी जागा नव्हती. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. तिथल्या एका उपकरणाचं चित्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, ते काढून खणात टाकलं, आणि उरलेला दिवस एकही आकडा मला एका वाचनात पटला नाही.

घरी सांगितलं. नवरा "अरेरे" म्हणाला आणि भांडी घासताना शीळ घालत होता. मुंगीने मात्र हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे विमान नाही?"

नाही, मी म्हटलं.

"मी वर्गातली खिडकीची जागा देऊन टाकली. कायमची. तू जायचं जायचं म्हणत होतीस म्हणून."

आपल्याला जायचंय असं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. ते तिने आमच्या बोलण्यातून स्वतःच जमवलं होतं. पण हे सांगण्यात अर्थ नव्हता. तिने वही उचलली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. जेवताना मीठसुद्धा तिने बापामार्फत मागितलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी तिच्याच खोलीत खुर्ची ओढून दाखले तपासत बसले. अर्धा तास झाला असेल. ती मान न वळवता म्हणाली, "कोटीवर किती शून्यं?"

"सात."

तिने लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये," ती म्हणाली. "नुसतं विचारलं."