धबधब्यापाशी अर्धा तास

सासू-सून सकाळच्या पहिल्या बोटीने बेटावर उतरल्या. मागच्या वर्षी सासूचा एकुलता एक मुलगा ऑफिसच्या लोकांबरोबर इथे सहलीला आला होता, तो धबधब्यावरून परतलाच नाही. पाय घसरला असावा, पाण्याने समुद्राकडे ओढून नेलं असावं. सगळं ‘असावं’वरच थांबलं. आठ दिवसांनी शोधही थांबला.

“तो कुठं कुठं फिरला ते एकदा बघू दे,” सासूने वर्षभर एवढंच लावून धरलं होतं. म्हणून सुनेने तीच सहल ठरवली, गाइडही तोच मागून घेतला.

आधी मिरी-वेलदोड्याची बाग झाली, मग लाकडी मुखवट्यांचं संग्रहालय. सासू प्रत्येक बाकावर थोडी टेकायची. “इथं बसला असेल. फार उभं राहवायचं नाही त्याला.” एका प्रवासी बाईने सुनेच्या हातात फोन दिला आणि नवऱ्याला बिलगून उभी राहिली. सुनेने निमूटपणे फोटो काढून दिला.

धबधब्यापाशी लोखंडी कठडा होता. नवाच, रंगाचा वास येत होता.

“अर्धा तास. कठड्यापलीकडे कुणी जायचं नाही,” गाइड म्हणाला.

सासूने पिशवीतून मुलाचा फोटो काढून त्याच्यापुढे धरला. “हा आठवतो का हो?”

गाइडचा चेहरा उतरला. “आठवतो ना, मावशी. विसरेन कसा? भारी हसरा माणूस. बसमध्ये गाणी म्हणत होता.”

सून काही बोलणार तोच सासूने तिचं मनगट दाबलं.

“बरं झालं,” ती गाइडला म्हणाली. “मजेत होता म्हणजे.”

तो दूर गेल्यावर सून म्हणाली, “आई, धादांत खोटं बोलला तो.”

“मला सांगतेस? एकेक शब्द काढताना किती अडखळायचा माझा पोर. चार माणसांत तोंड उघडायचा नाही.”

“मग गप्प का बसलात?”

“त्याला तरी काय आठवणार? रोज चाळीस माणसं. माझ्या पोराकडं कुणाचं लक्षच गेलं नाही गं.” सासू पाण्याकडे बघत राहिली. “हाक मारायला गेला असेल. आणि शब्द अडला असेल.”

हाच विचार उशाशी घेऊन सुनेने वर्ष काढलं होतं, पण सासूपुढे कधी ओठांवर येऊ दिला नव्हता. म्हातारी तिथेच ओल्या दगडावर बसली. सूनही शेजारी बसली. रडू दोघींनाही आलं नाही.

बसचा हॉर्न वाजला. गाइडने दारात उभं राहून डोकी मोजली, मग पुन्हा मोजली. परतीची बोट संध्याकाळशिवाय नव्हती आणि अजून दोन ठिकाणं बघायची बाकी होती. सुनेने सासूला हात देऊन उठवलं.