खेकड्याचं झबलं

“मी टाकीत फिनेल टाकलं नाय, सर. देवाशपथ नाय!”

नवसाबाईंचा आवाज पार जिन्यापर्यंत येत होता. त्यांना द्यायचा मेमो कारकून म्हणून मीच टाईप केलेला, आणि तो हातात धरून मी प्रयोगशाळेच्या दारात चोरासारखा उभा. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात बाई सत्तावीस वर्षं शिपाई. निवृत्तीला चार महिने राहिलेले. इतक्या वर्षांत त्यांच्याबद्दल एक वाकडं अक्षर फाईलला लागलं नव्हतं. आणि आता लागणार काय, तर खेकडा मारल्याचा ठपका!

भानगड अशी, की इरा नावाच्या विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी भाताच्या खाचरातला एक खेकडा काचेच्या टाकीत पाळला होता. सकाळी तो निपचित पडलेला दिसला. आदल्या संध्याकाळी टाकी बाईंनी पुसली होती. विभागप्रमुख ढुंढिराज सरांचा सगळा जीव पक्ष्यांत, खेकड्यांशी त्यांचा कधी संबंध नाही. त्यांनी चिमट्याने खेकडा उचलला, फॉर्मेलिनच्या बाटलीत सोडला आणि मला मेमो काढायला सांगितला.

“मग मेला कसा?” सर म्हणाले आणि त्यांनी मला मेमो पुढे धरायला लावला. “सही करा इथे.” प्रॅक्टिकलची सगळी बॅच बघत होती.

बाईंनी पेन घेतलं नाही, बाटली घेतली. खिडकीशी नेऊन उजेडात धरली आणि एकदम हसल्याच. मला वाटलं, झालं, बाईंचं डोकं फिरलं.

“सर, ह्यो खेकडा नाय. खेकड्याचं झबलं हाय!”

“काय?”

“कात टाकलीय त्यानं. बघा ना, आरपार उजेड दिसतोय. ही मागची फट, हितून निघाला भायेर. आमच्या इगतपुरीकडं खाचरात लहानपणापास्नं बघतोय की आमी. झबलं आंगाला लहान पडलं का काढून टाकायचं, डोळ्यापास्नं नांग्यापातुर समदं.”

“मग खेकडा कुठाय?”

टाकीत एकच खेकडा, तो मेला, मग आत पुन्हा डोकावणार कोण! बाईंनी टाकीतल्या वाळूवरचा कौलाचा तुकडा हळूच उचलला. खाली खेकडा. आधीपेक्षा मोठा, फिकट, आणि चांगला जिवंत.

“मावशी!” इरा किंचाळली आणि तिने टाकीत हात घातला.

“आगं, हात नको लावू! लोण्यावानी मऊ हाय तो आता. आठ दिस असाच लपून बसंल.” मग बाई सरांकडे वळल्या. “आन ती कात तो खातो, सर. पाठ टणक व्हायला. त्याचं जेवान तुमी औषधात बुडवलं!”

पोरं फिदीफिदी हसली. खोटं कशाला बोलू, मलाही भयंकर आनंद झाला. सर लालबुंद झाले; पण माणूस मनाचा खोटा नव्हे. त्यांनी मेमो माझ्या हातातून घेतला आणि फाडायला लागले.

“फाडू नका,” बाई म्हणाल्या. “जावक रजिस्टरात नंबर पडलाय त्याचा. उद्या कोन म्हनंल, बाईनं कायतरी केलं आसंल. मागं लिवा काय झालं ते, आन सही करा.”

सरांनी उभ्याउभ्याच लिहिलं आणि कागद बाईंच्या हातात दिला. बाई चौथीपर्यंत शिकलेल्या. अक्षराखाली बोट ठेवत मोठ्याने वाचू लागल्या. ‘निर्दोष’पाशी अडखळल्या. इरा सांगायला पुढे झाली, तर सरांनी हातानेच तिला थांबवलं.

बाईंनी तो शब्द स्वतः वाचला. मग पुन्हा एकदा, जरा जोरात.