भुरी माझ्यात झोपायची

मी एक जुनी पिशवी आहे, मित्रांनो. फाटकी म्हणून हसू नका. अजून पाच पडी, म्हणजे मद्रासकडची पाच मापं, तांदूळ सहज उचलते. १९५४ साली मद्रासच्या मैलापुरात एका शिंप्यानं आरामखुर्चीच्या उरलेल्या कापडातून मला शिवलं. आतून मऊ अस्तर, तोंडाला नाडी. तंजावरहून येऊन कारकुनी करणारे कृष्णस्वामी मला घेऊन बाजारात जात. वांगी, शेवगा, कढीलिंब, सगळं मी वाहिलं. पिशवी असावी तर अशी, असं ते शेजाऱ्यांना सांगत आणि मी फुगून जाई.

दुपारी मी रिकामी पडले की भुरी यायची. भुरी म्हणजे त्यांच्या नऊ वर्षांच्या चंद्रिकेची मांजर. माझ्यात शिरून, अस्तराला नाक लावून खुशाल झोपायची. एकदाही नख लावलं नाही हो तिनं.

मग एका श्राद्धाच्या दिवशी तिनं खाली राहणाऱ्या घरमालकांच्या खिरीत तोंड घातलं. सगळा विधी खोळंबला. मांजर ठेवा नाहीतर घर, असं घरमालकांनी बजावलं. कृष्णस्वामींची, म्हणजे चंद्रिकेच्या अप्पांची, इकडे आड तिकडे विहीर अशी गत झाली.

एक दिवस चंद्रिका शाळेत गेल्यावर त्यांनी कचेरीतून रजा घेतली. भुरी माझ्यात झोपली होती. त्यांनी नाडी ओढली. मला वाटलं, चुकून ओढली. पण त्यांनी मला सायकलला अडकवलं आणि थेट एग्मोर स्टेशनच्या मागं नेलं. मांजर मारलं तर पाप लागतं. पिशवीत घालून तीन गिरक्या दिल्या तर ते वाट विसरतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी मला तीनदा गरगर फिरवलं. भुरी आत जीव तोडून ओरडत होती, अस्तर ओरबाडत होती. मी काय करणार? नाडी सुटताच ती मालगाडीच्या डब्यांखाली पळाली.

भुरी कुठं गेली ठाऊक नाही, असं अप्पांनी लेकीला सांगितलं. ती पोर आठ दिवस पायरीवर दहीभात ठेवून वाट पाहत होती. एवढंही मी सोसलं असतं. पण अप्पा रोज संध्याकाळी तिच्याबरोबर गल्लीभर "भुरी, भुरी" करत हिंडायचे! उद्या नक्की येईल, म्हणायचे. त्याची मला भारी चीड येई.

नवव्या दिवशी चंद्रिकेनं मला पायरीवर आणलं. माझा वास ओळखून भुरी येईल, ही तिची आशा. उघडून बघते तो आत अस्तराच्या चिंध्या, आणि चिंध्यांत अडकलेले केस. तिनं ते केस मुठीत घेतले. मग आत जाऊन अप्पांना म्हणाली,

"कुठं सोडलं तिला?"

अप्पांनी मान खाली घातली आणि सगळं सांगितलं.

रविवारी दोघं मला घेऊन एग्मोरला गेली. रुळांपाशी मला उघडून ठेवलं. अप्पा हाक मारणार, तोच चंद्रिकेनं त्यांना थांबवलं.

"तुम्ही नका हाक मारू, अप्पा. तुमचा आवाज ऐकला तर ती यायची नाही."

अप्पा लांब जाऊन उभे राहिले. ती एकटीच घसा बसेपर्यंत हाका मारत राहिली. भुरी आली नाही.

माझं अस्तर पुन्हा कुणी शिवलं नाही. मित्रांनो, माझ्यात कांदे भरा, कोळसे भरा, उद्या माझं पायपुसणं करा, माझी तक्रार नाही. पण तुमच्या भरवशावर निर्धास्त झोपलेल्या जिवावर नाडी ओढू नका. आणि ओढलीच, तर निदान त्याच्या नावानं हाका मारत फिरू नका.