दोन डझन केळी

रविवारी सकाळी नवऱ्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असा दाक्षायणीच्या घरचा नियम होता. ओट्यावर पुस्तक उघडं असायचं, पान मिटू नये म्हणून त्यावर लाटणं आडवं ठेवलेलं असायचं आणि चष्मा कपाळावर चढवून बाईसाहेबांचं पुटपुटणं चालू असायचं, "मैदा दोन वाट्या, तूप एक वाटी..." गुरुशांत दारातूनच विचारायचे, "आज काय शिकायचंय? म्हणजे मी आधी दोन भाकरी खाऊन घेतो."

हे खूळ तीन वर्षांपूर्वी अकलूजच्या रेश्माने लावलं. रेश्मा शाळेत शिकवते. तिने फोनवर एक ग्रुप काढला आणि त्याला नाव दिलं 'रविवारचं पान'. महिन्याला एक पाककृतीचं पुस्तक घ्यायचं, शुक्रवारी रेश्माने त्यातल्या एका पानाचा फोटो टाकायचा, रविवारी सगळ्यांनी तेच करायचं आणि दुपारी एकच्या ठोक्याला आपापला फोटो पाठवायचा. बिघडलं तरी पाठवायचा, उलट बिघडलं तर आधी पाठवायचा. अकरा जणी होत्या. सांगोल्याच्या रंभाबाई तर रेश्माला आधीच बजावायच्या, "या आटवड्यात टँकर आल्याला न्हाय, कमी भांड्यांचं पान काड बाई."

वाचकहो, हसू नका. एकतीस वर्षं दोन वेळची भाकरी थापणाऱ्या बाईला "आज तुम्हाला काय करावंसं वाटतंय?" असं कुणी विचारलेलं नसतं. दाक्षायणीला ते या ग्रुपने विचारलं. त्यातही एकीने जास्त विचारलं. तिचं नाव शगुफ्ता.

ओळख झाली ती नानकटाईवरून. कुकरमध्ये मीठ तापवून त्यावर दाक्षायणीने नानकटाई भाजली आणि ती भेगाळलेल्या रानासारखी झाली. बाकीच्या हसण्याची चित्रं पाठवून मोकळ्या झाल्या. शगुफ्ताने मात्र आवाज पाठवला, "अक्का, तूप पातळ होतं का तुमचं? थिजलेलं घ्यायचं असतं. पुस्तकवाल्यानं लिहिलं नाही, त्याच्या गावात थंडी असेल. आपल्या सोलापुरात तूप कवा थिजतंय?"

दाक्षायणी एकटीच ओट्यापाशी खुदकन हसली. मग चौकशी निघाली आणि कळलं, की ही बाई भवानी पेठेतच राहते, दाक्षायणीच्या घरामागे तीन गल्ल्या सोडून. टॉवेलच्या कडा शिवायचं काम घरी करते, नवरा अतीक टेम्पो चालवतो. तीन गल्ल्या! तरी दोघी भेटल्या त्या बाजारात, भाजीच्या गाड्यावर, नाहीतर फोनवर. दर रविवारी सकाळी फोन स्पीकरवर ठेवून दोघी एकाच वेळी एकच पदार्थ करायच्या. "अक्का, तुमची फोडणी तडतडली, इकडं ऐकू आली," असं शगुफ्ता म्हणायची. एकीच्या घरचा घास दुसरीच्या तोंडी कधी गेला नाही, ही गोष्ट दोघींनाही माहीत होती आणि दोघीही ती बोलत नव्हत्या.

मग ग्रुपला तीन वर्षं झाली. रेश्माने टूम काढली, की सगळ्यांनी एकदा समोरासमोर भेटायचं. सोलापूर सगळ्यांना सोयीचं, आणि सोलापुरात दाक्षायणीचं घर मोठं. प्रत्येकीने पुस्तकातला एक पदार्थ करून आणायचा. यादी करण्याचं काम यजमानीणबाईंकडे आलं.

दाक्षायणीने यादी केली. रेश्मा, कोफ्ता. रंभाबाई, डाळिंबाची कोशिंबीर. एकेक नाव, एकेक पदार्थ. शगुफ्ताच्या नावापाशी तिचा अंगठा जरा थांबला. घरात सासूबाई होत्या, कस्तुराबाई, ब्याऐंशी वर्षांच्या, गळ्यात लिंग, आयुष्यभर सोवळं पाळलेलं. त्यांच्या समोर त्या घरचं शिजवलेलं ताट कसं मांडायचं? विचार करून तिने लिहिलं, "शगुफ्ता, केळी, दोन डझन." आणि वर स्वतःवरच खूश झाली. कुणाला वगळलं नाही, कुणाचं मन दुखावलं नाही, झालं की!

ग्रुपमधली सगळ्यात सुगरण बाई, आणि तिच्या वाट्याला केळी! दहा जणींनी यादी वाचली. दहा जणींना अर्थ कळला. नऊ जणींनी अंगठे वर केले.

शगुफ्ताने लिहिलं, "बरं अक्का." एवढंच.

त्या रविवारी एक वाजला तेव्हा नऊ फोटो आले, दाक्षायणीचा दहावा. अकरावा आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. फोन केला तर शगुफ्ता गोड बोलायची. "शिलाईचं काम लई आलंय अक्का. नाही, राग कशाचा?" आवाज तोच होता, पण त्यातली ती तीन वर्षांच्या ओळखीची शगुफ्ता उठून गेली होती.

माणूस रागावलं तर त्याची समजूत काढता येते. नुसतं अदबीने वागू लागलं तर काय करायचं? दाक्षायणी रविवारी पुस्तक उघडायची, लाटणं ठेवायची आणि तशीच उभी राहायची. फोडणी तडतडायची, ती ऐकायला पलीकडे कुणी नसायचं. एक दिवस ती भांडी घासायची सोडून शगुफ्ताचे जुने निरोप ऐकत बसली. त्यातला एक होता, "अक्का, एकदा माझ्याकडं या. तुम्ही नुसतं पाटावर बसायचं, मी तव्यावरचं गरम गरम वाढीन. तुम्हाला कुणी वाढलंय का हो कधी?"

तिला रडू कोसळलं. आई गेल्यापासून खरंच कुणी वाढलं नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं, निवलेलं, उभ्यानेच खायची सवय झाली होती. आपल्याला कुणीतरी बसवून वाढावं, ही एवढीशी इच्छा तीन गल्ल्या पलीकडे तयार होऊन बसली होती, आणि दाक्षायणीने मात्र शगुफ्ताकडून दोन डझन केळी मागवली होती.

"कशापायी रडालीस?" कस्तुराबाई भिंतीला धरत दारात आल्या होत्या.

दाक्षायणीने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुमचं सोवळं मोडू नये म्हणून केलं हो अव्वा. नाहीतर माझ्या मनात काही नव्हतं."

म्हातारीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "केळाला साल असतंय, म्हून व्हय?"

दाक्षायणीची मान खाली गेली.

"मला इचारलंस?"

"तुम्ही नाहीच म्हणाला असता."

"न इचारताच माजं 'न्हाय' तू लिवून टाकलंस? आगं, समद्या घरात एक म्हातारी आसतीया, आनि समदी मानसं आपलं भ्याव तिच्या पदराखाली झाकत्यात. सोवळं माजं, आन् लाज त्या पोरीला!" कस्तुराबाई खाली टेकल्या. त्यांचा आवाज उतरला. "पर तुला तरी काय बोलू? सालीचं चालतंय, शिजल्यालं न्हाय, ह्ये शहाणपन मीच तुला शिकिवलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते दाक्षायणीने एकतीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"मिलच्या चाळीत नबीसाबचं घर आमच्या भितीला लागून. त्येची बायकू लालबी. ईदला शिरखुर्मा करायची. आमाला शिजवल्याला न्हाय द्यायची, कोरडं सामान द्यायची. शेवया येगळ्या, खारीक येगळी, दूद येगळं. 'तुमच्या चुलीवर करून घ्या वैनी.' मीच तसं सांगितलं हुतं तिला. बावीस वर्सं मी त्येच सामान आनून केलं. पर तिच्या घरातनं जो वास यायचा, त्यो माज्या पातेल्यात कवा आला न्हाय. लई वाटायचं गं, भित वलांडून जावं, म्हनावं, लालबी, वाटीभर दे. रोज एका नळावर पानी भरायचो, एकीच्या बाळंतपनाला दुसरी जागायची. पर वाटी काय मागाय झाली न्हाय. मिल बंद पडली, ती लेकीकडं गेली, आनि तिकडंच वारली. आता कुनाकडं मागू?"

दाक्षायणी त्यांच्याजवळ सरकली.

"द्येव माज्या गळ्यात हाय," म्हातारी लिंगाला हात लावून म्हणाली, "त्यो एका घासानं बाटत न्हाय. आनि बाटत आसंल, तर मग त्यो कसला द्येव! ऊठ. पोरगी जित्ती हाय तवर जा."

दाक्षायणी उठली ती तशीच, पदराला हात पुसत, तीन गल्ल्या चालत गेली. शगुफ्ता मशीनवर बसली होती, पायाशी टॉवेलचा ढीग. तिला पाहून ती गडबडली. "या ना अक्का, बसा." खुर्ची पुसून दिली आणि आत पाहून लेकीला म्हणाली, "आयेशा, दुकान से पानी की बाटली ला. बंदवाली."

बंदवाली! सील असलेली, ज्याला या घरचा हात लागलेला नाही अशी. पाहुणीला अवघड वाटू नये म्हणून या घराने ही तजवीज केव्हाचीच शिकून ठेवली होती. दाक्षायणीला ते केळ्यांपेक्षाही जास्त लागलं.

"आयेशा, थांब बाळ," ती म्हणाली. "तुमच्या घागरीतलं दे."

शगुफ्ताने तांब्या भरून दिला. दाक्षायणी घटाघट प्याली. मग म्हणाली, "चुकले मी शगुफ्ता. माणसासारखं वागायचं सोडून मी साल बघत बसले."

शगुफ्ताने हातातल्या टॉवेलची कड सरळ केली. "अक्का, केळी मी आणली असती. याआधीबी कितीदा आणलीत. हळदीकुंकवाला केळी, बारशाला केळी. सवय आहे आम्हाला. फक्त तुमच्याकडून नको होतं. रविवारी फोन चालू असला की मी विसरूनच जायची, मधे काही आहे म्हणून." तिने डोळे पुसले. "तुम्ही पाणी प्यालात, बरं वाटलं. पण यादी दहा जणींनी वाचली. माफी एकटीजवळ मागून कसं भागेल?"

खरंच होतं. चूक चारचौघांत करायची आणि माफी कोपऱ्यात मागायची, असं आपण किती वेळा करतो! दाक्षायणीने तिथेच बसून फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं, "मी शगुफ्ताला केळी आणायला सांगितलं, कारण तिच्या घरचं शिजवलेलं नको होतं. सासूबाईंचं नाव पुढे केलं, पण भीती माझी होती. मी चुकले. ती तिला हवा तो पदार्थ करून आणेल. ज्यांना चालणार नसेल त्यांनी माझ्याकडेही जेवू नये."

 मग रंभाबाईंचा आवाज आला, "माज्या ध्यानात आलं हुतं गं. तरी म्या आंगठा दिला. माजंबी चुकलं." मागोमाग रेश्माचा निरोप आला. मग एकेक.

"काय करशील?" दाक्षायणीने विचारलं.

शगुफ्ता पहिल्यांदा हसली. "सुरळीच्या वड्या. तुमच्यापैकी एकीलाबी जमत नाहीत."

मग भेटीचा रविवार उजाडला. दाक्षायणीच्या बैठकीच्या खोलीत सतरंजीवर अकरा जणी बसल्या, मधे पातेली, डबे, ताटं. शगुफ्ताने डबा उघडला. पिवळ्याधमक सुरळ्या, वर खोबरं, कोथिंबीर. "वा!" सगळ्या एकदम म्हणाल्या, आणि कुणीच हात पुढे केला नाही. मनं वाईट नव्हती हो. पण आयुष्यभराची सवय हातात असते, ती मन बदलल्यावरही जरा उशिरा सुटते. शगुफ्ताच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे खाली गेले.

"हितं आन गं," बाजेवरून कस्तुराबाई म्हणाल्या. "मला दात न्हायत. मऊ दिसतंय त्ये."

शगुफ्ताने ताटलीत दोन वड्या वाढल्या. म्हातारीने एक उचलली, तोंडात टाकली, डोळे मिटून घोळवली.

"मीठ कमी हाय गं पोरी," कस्तुराबाई म्हणाल्या. "आनि गुंडाळल्यात बी सैल."

दाक्षायणीने कपाळावर हात मारला. आता अव्वा हे काय बोलल्या! पण शगुफ्ता तोंडावर पदर धरून हसत होती, हसता हसता घळाघळा रडत होती.

"तीन वर्षं," ती म्हणाली, "तीन वर्षं सगळ्या वा वाच म्हणाल्या हो! पहिल्यांदा माझ्या हातात खोट काढली कुणी!"

रंभाबाईंनी डबा ओढून घेतला. "बगू बगू, खरंच कमी हाय का?" आणि मग अकरा जणींचे हात एकाच डब्यात गेले, मिठावरून भांडण लागलं, आणि गुरुशांतनी आतून ओरडून विचारलं, की माझ्यासाठी काही उरणार आहे का?

वाचकहो, "वा" तर लांबूनही म्हणता येतं. फोटोला म्हणता येतं, सणाच्या शुभेच्छांना म्हणता येतं, भाषण ऐकूनही म्हणता येतं. मीठ कमी आहे हे सांगायला मात्र घास तोंडात घ्यावा लागतो. तुमच्या-आमच्या फोनमध्ये अशी कितीतरी माणसं असतील, ज्यांना आपण रोज "वा" म्हणतो आणि ज्यांच्या घरचं पाणीही कधी प्यालो नाही. त्यांतलं एखादं घर तीन गल्ल्यांवर असेल. सोबत काही नेऊ नका. भूक लागली असताना जा, आणि सांगा, वाढ.