हशाची जागा

ढब्बू गेल्यापासून मला लोकांचा राग येतोय आणि तो उतरायचं नाव घेत नाही. वर्तमानपत्रवाल्यांचा येतो, कारण सगळ्यांनी एकच फोटो छापला: जिन्यावरून घरंगळणारा वेटर आणि त्याच्या अंगावर पडणाऱ्या डझनभर बशा. शेजारणीचा येतो, कारण तिनं मला दारातच गाठून विचारलं, "तो पडायचा तो गेला ना हो?" पडायचा तो! पस्तीस वर्षं राबला तो माणूस, शंभरावर चित्रपट केले, आणि शेवटी उरला काय, तर पडायचा तो.

मी त्याची संकलक. चित्रीकरण झालेल्या ढिगातून काय ठेवायचं आणि काय कापायचं ते मी ठरवायची आणि तो भांडायचा. मला तो कात्री म्हणायचा. ढब्बू हेही काही त्याचं खरं नाव नव्हे. पहिल्या चित्रपटात पोटाला उशी बांधली होती, ती सुटली आणि नाव चिकटलं. माणूस शेवटपर्यंत काडी पैलवानच होता.

कलाकार संघटना त्याचा सत्कार करणार होती. त्यात त्याच्या आवडत्या भूमिकांची पाच मिनिटांची फीत दाखवायची ठरली होती. सत्काराची शोकसभा झाली, फीत तीच राहिली. आवडत्या म्हणजे त्याच्या स्वतःच्या, गावाच्या नव्हेत. ती यादी त्यानं मला फोनवर सांगितली होती, आणि त्याच दिवशी दुपारी तो गेला. वहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, मी एवढंच सांगितलं, "यादी सांगितली आणि फोन ठेवला." ती म्हणाली, "मला तो एकदा नीट बघायचाय, कात्री. दवाखान्यातलं ते तोंड डोळ्यांपुढून जात नाही. ते पुसलं जाईल असं काहीतरी कर."

म्हणून तो गेल्यावर तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी तीन वाजता मी संघटनेच्या एडिटिंग रूममध्ये जाऊन बसले. सभा सहाला होती. फीत करणारी मुलगी तिशीची, जाड चष्म्याची, कामाला चोख. जुन्या प्रिंटवरचे ओरखडे तिनं असे काढले होते की ढब्बूच्या कोटाची वीण दिसत होती. मी खूश होऊन खुर्चीत मागे टेकले.

पहिली भूमिका खोट्या साक्षीदाराची. पैसे घेऊन साक्ष द्यायला आलेला माणूस पिंजऱ्यात उभा राहतो आणि पढवलेलं सगळं विसरतो. वकील विचारतो, "तुमचं नाव?" साक्षीदार वकिलाकडे बघतो, मग ज्यानं पैसे दिले त्याच्याकडे बघतो, कोटाचं वरचं बटण लावतो, काढतो, आणि मग म्हणतो, "कुठलं सांगू?"

पडद्यावर वकिलानं नाव विचारलं आणि याचं उत्तर लगेच आलं. बघणं नाही, बटण नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मधलं कुठे गेलं?"

"मधलं काय, मॅडम?"

"चार सेकंद होते तिथे."

"हां, ते काढले. तिथे काही होतच नव्हतं. फीत रेंगाळत होती."

काही होत नव्हतं! त्या चार सेकंदांसाठी ढब्बू माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हता. त्याची पद्धत अशी होती: चित्रपट लागला की पहिल्या खेळाला तो सगळ्यात पुढच्या रांगेत बसायचा, आणि पडद्याकडे पाठ करून. लोकांची तोंडं बघायचा. हशा कुठे उठतो, कुठे चढतो, कुठे विरतो, ते खुर्चीच्या हातावर बोटांनी मोजायचा. पुढच्या चित्रपटाच्या वेळी माझ्या डोक्याशी उभा राहून सांगायचा, इथे दीड सेकंद सोड, इथे तीन. ती हशाची जागा. तेवढ्यात लोकांनी हसून घ्यायचं, म्हणजे पुढचं वाक्य हशात बुडत नाही. त्या जागेत तो रिकामा नसायचाच. बटण लावायचा, कान खाजवायचा, पण बोलायचा नाही. त्याचा नियमच होता, "हशा आला की गप्प. हशानंतर खुलासा करणारा नट कसला?"

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं, पण आवाज असा चढवून की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मी त्यांना थिएटरमध्ये कधी पाहिलंच नाही, मॅडम. सगळं फोनवर पाहिलं, एकटीनं. एकटं माणूस हसतं तेव्हा एवढा वेळ लागत नाही."

मला तिचा जास्तच राग आला, कारण तिचं खरं होतं.

"किती ठेवू ते सांगा," ती म्हणाली, "परत लावते सगळं."

मग आम्ही मान मोडून कामाला लागलो. साक्षीदाराचे चार सेकंद परत आले. पुढची भूमिका लिफ्टवाल्याची. उंचीला घाबरणारा लिफ्टवाला, त्याची लिफ्ट बंद पडते आणि साहेबांची बॅग घेऊन त्याला जिना चढावा लागतो. दुसऱ्या मजल्यावर तो कठडा धरून थांबतो आणि नुसता उभा राहतो. मग वरून साहेब ओरडतात, "काय झालं?" तो म्हणतो, "काही नाही, मजला मोजतोय." त्या उभं राहण्याचे पाच सेकंद मुलीनं काढले होते. ते तिनं परत जोडले, दोनदा चालवून पाहिले आणि सहज विचारलं, "ही हशाचीच जागा कशावरून? त्यांना खरंच दम लागला असेल तर?"

"मला कळतं!" मी अशी किंचाळले की तिचा हात बटणावरून उडाला. "तीस वर्षं कापलंय मी त्याला! त्याचा दम कुठला आणि जागा कुठली, मला कळतं!"

ती बिचारी पुढचा तुकडा लावू लागली. आणि मला कळत नव्हतं. ते मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं.

त्या दिवशी फोनवर त्यानं यादी सांगितली. साक्षीदार, लिफ्टवाला, झांजवाला. मग म्हणाला, "कात्री, तो लिफ्टवाला आज सकाळी खरोखरचा जिना चढत होता, आणि दुसऱ्या मजल्यावर..." आणि थांबला. मी मनात मोजलं. एक, दोन, तीन. अगदी त्याचं माप. आणि मी हसले, चांगली खळखळून हसले. पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, "हसलीस ना? झालं तर मग." आणि फोन ठेवला. दुपारी वहिनीचा फोन आला.

हसले नसते तर तो पुढचं वाक्य बोलला असता. मी म्हटलं असतं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. मी हसले, आणि त्या मूर्खानं आपला नियम पाळला.

सहा वाजता सभागृह भरलं. संघटनेच्या सेक्रेटरीनं भाषणात तीनदा वेटर आणला, तेव्हा मी दात आवळून बसले. वहिनी माझ्या शेजारी होती, तिनं माझा हात धरला होता. दिवे गेले. साक्षीदारानं बटण लावलं आणि तीनशे लोक हसले. हशा विरला तेव्हा, बरोब्बर तेव्हा, तो म्हणाला, "कुठलं सांगू?" वहिनीही हसली. तिचं तोंड पडद्याच्या उजेडात तीन आठवड्यांत पहिल्यांदा सैल झालं होतं. तिनं मागितलेलं मी तिला दिलं होतं, आणि फोनवरचं लपवून ते दिलेलं मला पेलवेना.

लिफ्टवाला दुसऱ्या मजल्यावर थांबला. लोक हसले. मी वहिनीच्या कानाशी लागले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. जिना, दुसरा मजला, तीन सेकंद, माझं हसणं.

तिनं हात काढून घेतला. "आणि हे आत्ता सांगतेस? इथे?"

पडद्यावर साहेब ओरडले, ढब्बूनं मजला मोजला, पुन्हा हशा झाला. वहिनी समोर बघत होती. मग दातांतून म्हणाली, "त्या दिवशी सकाळी चहा घेताना टेबल धरून उभा राहिला. गुडघे वाकवून, तोंड वेडंवाकडं करून. मी म्हटलं, नाटकं पुरे. आणि हसले. मीसुद्धा हसले, कात्री."

शेवटची भूमिका झांजवाल्याची. मोठा वाद्यवृंद, आणि याला अख्ख्या कार्यक्रमात झांज एकदाच वाजवायची असते. तो झांजा उचलतो आणि आपली वेळ येण्याची वाट बघतो. हात थरथरतात, नाकाला खाज सुटते. अकरा सेकंद. त्याच्या सगळ्या आयुष्यातली सगळ्यात लांब जागा, माझ्याकडून भांडून घेतलेली. सगळं सभागृह श्वास धरून बसलं. तो सरळ आमच्याकडे बघत होता, ओठ मिटून.

"बोल की रे गाढवा!" वहिनी ओरडली. "एकदा तरी तोंड उघडून बोल!"

अंधारात कुणाला कळलं नाही कोण ओरडलं ते. लोकांना वाटलं, कुणीतरी झकास टोला हाणला. अख्खं सभागृह फुटलं. मागे कुणी शिट्टी वाजवली, कुणी टाळ्या पिटल्या. झांज वाजली ती ऐकूसुद्धा आली नाही.

वहिनीनं माझा हात पुन्हा धरला, दुखेल इतका घट्ट. हशा विरला. आम्ही दोघी गप्प बसून राहिलो.