धुरखोलीतली आवृत्ती

शोशाम्मांच्या हस्तलिखित बायबलला सणाच्या दिवशी पहिलं बक्षीस मिळालं. मात्र चर्चच्या दप्तरात तशी नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नसतं असं औसेप्प मास्तरांचं ठाम मत आहे. तेव्हा ते मिळालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ.

औसेप्प मास्तरांनी वही क्रमांक एक उघडली, नाकाशी नेली आणि मिटली.

"वहिनी, या वह्या कुठे ठेवता तुम्ही? चुलीत?"

शोशाम्मांनी वही त्यांच्या हातातून घेऊन परत चवडीवर ठेवली. चर्चच्या ऑफिसातल्या टेबलावर अडतीस वह्या रचलेल्या होत्या. त्यांच्या नातवाने, जिबिनने, त्या तांदळाच्या दोन गोण्यांत भरून स्कूटरवरून आणल्या होत्या. तो आता खांदा चोळत भिंतीला टेकून उभा होता. जिबिन नर्स होता, जर्मनीच्या व्हिसाची वाट बघत होता, आणि वाट बघणाऱ्या माणसाला घरात कोणीही कुठलंही काम सांगतं.

पाच वर्षांपूर्वी चर्चने जाहीर केलं होतं की जो कोणी संपूर्ण बायबल हाताने उतरवून काढील, त्याची प्रत जानेवारीत संत सेबास्त्यानोसच्या सणाला दिवसभर वेदीवर ठेवली जाईल. अकरा जणांनी सुरुवात केली. आठ जण तिसऱ्या पुस्तकात, बळीच्या नियमांपाशी गळाले. तंकम्मा टीचर स्तोत्रांपर्यंत पोचल्या आणि त्यांना मोतीबिंदू झाला. एकाला गल्फमध्ये नोकरी लागली. उरल्या शोशाम्मा, वय वर्षे शहात्तर. त्यांनी मुलांकडे कधी फ्रीज मागितला नव्हता, की कधी तीर्थयात्रा. ही प्रत वेदीवर जावी, एवढंच त्यांनी आयुष्यात एकदा मोठ्याने म्हटलं होतं.

मास्तर गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि आता रविवारच्या धर्मशिक्षणाचे मुख्याध्यापक होते. त्यांनी वही पुन्हा उघडली, पहिल्या ओळीखाली फूटपट्टी ठेवली, शेजारी आपलं बायबल ठेवलं. तीन ओळी तपासल्या. मग मधलीच एक वही काढली. मग शेवटची. मग चष्मा काढून पुसला, जणू चूक काचेची असावी.

"हे आपलं नाही."

"माझंच अक्षर आहे," शोशाम्मा म्हणाल्या.

"अक्षराचं कोण बोलतंय? आवृत्ती! हे त्या दुसऱ्या पंथाचं, मार्थोमावाल्यांचं जुनं भाषांतर आहे. एक ओळ आपल्याशी जुळेल तर शपथ. आणि पुस्तकं मोजा. सहासष्ट! आपल्या कॅथलिक बायबलात त्र्याहत्तर. सात कुठायत?" मास्तर असे बोलले की सातही त्यांच्याच खिशातून गेली असावीत.

जिबिनने भिंत सोडली. "मास्तर, देव तर दोन्हीकडे तोच ना?"

"देव तोच. आवृत्ती वेगळी. नियम चार, मान्यताप्राप्त आवृत्तीवरूनच उतरवावे."

"नियम केले कोणी?"

"मी."

शोशाम्मांनी पदर सारखा केला.

"सात कमी आहेत ना? सात लिहून देते."

"सगळंच परत लिहावं लागेल, वहिनी."

"सात."

"अहो, अर्धं त्यांचं, अर्धं आपलं असं बायबल जगात कुठल्या चर्चचं नाही!"

"आठ महिने आहेत सणाला. सात."

"हा काय मासळीबाजार आहे?" मास्तरांनी फूटपट्टी टेबलावर आपटली. मग फूटपट्टी मोडली का ते बघितलं. "बरं. ज्यावरून लिहिलंत ती मूळ प्रत आधी आणून दाखवा. मग बघू."

"ती प्रत इथे येणार नाही," शोशाम्मा म्हणाल्या आणि उठल्या.

परतताना स्कूटरवर दोन गोण्या पुढे, आजी मागे. जिबिनचे पाय हवेत.

"अम्मची, तुला माहीत होतं?"

"काय?"

"की वेगळी आवृत्ती आहे म्हणून."

"बावन्न वर्षं या चर्चला येते. इथे काय वाचतात ते कानावर पडतंच."

"मग चार वर्षं कशाला... अगं, आधी एक शब्द बोलली असतीस!"

"खड्डा बघ."

दुसऱ्या दिवशी ते पाला शहरात गेले. तिथल्या धार्मिक पुस्तकांच्या दुकानात सिस्टर प्लॅसिडा होत्या. गिऱ्हाईक आत आलं की त्या आधी हसत आणि मग चौकशी सुरू करत.

"बायबल? कशासाठी हवंय? रोजच्या वाचनाला, लग्नात द्यायला, की गाडीत ठेवायला?"

"उतरवायला," जिबिन म्हणाला.

सिस्टरनी मोठ्या अक्षरांचं काढलं. ते शोशाम्मांना उचलेना. चेनवालं काढलं. चेन उघडली, मिटेना. मग सिस्टर, जिबिन आणि रस्त्यावरून बोलावलेला एक रिक्षावाला असे तिघांनी ती मिटवली, आणि मग ती उघडेना. सिस्टरनी ते बायबल कपाटात सर्वांत मागे ठेवून दिलं. टिपांसह असलेलं आलं. त्यात वर एक ओळ बायबल आणि खाली अख्खं पान त्याचा खुलासा. सोनेरी कडांचं आलं. शोशाम्मांनी प्रत्येक पुस्तक उघडलं, नाकाशी नेलं आणि खाली ठेवलं.

"यांना कसलाच वास येत नाही," त्या म्हणाल्या.

"नवीन आहेत, अम्मची. वास येऊ नये म्हणूनच प्लास्टिकमध्ये ठेवतो."

"मला त्यातली सातच पुस्तकं हवीत. सुटी मिळतील?"

सिस्टरचं हसू जागच्या जागी थांबलं. "बायबल सुटं मिळत नाही."

"नारळ मिळतात सुटे."

"अम्मची!" जिबिनने कपाळाला हात लावला.

"बाकीची सहासष्ट आहेत माझ्याकडे. परत तीच कशाला घेऊ?"

सिस्टरनी आशेने जिबिनकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्हाला काही? जर्मनीला जाणार हे कळल्यावर त्यांनी जर्मन बायबल काढलं. आपण जायच्या आधी शिकायला होईल म्हणून तेही जिबिनने हातात घेतलं, पहिल्याच वाक्यात तीन शब्द अडले, आणि त्याने ते असं अलगद खाली ठेवलं की जणू त्यात व्हिसा नाकारल्याची चिठ्ठी असावी. सव्वा तासाने शोशाम्मांनी सर्वांत साधी, पुठ्ठ्याची प्रत घेतली. कारण विचारल्यावर म्हणाल्या, "ही उघडून सपाट पडते."

आता प्रश्न उरला मूळ प्रतीचा. मास्तर तीन रविवार आठवण करून देऊन गेले. चौथ्या खेपेला ते दारातच म्हणाले, "वहिनी, प्रत नसेल तर तसं लिहून द्या." शोशाम्मा कप्पाचे, म्हणजे टॅपिओकाचे, कंद सोलत होत्या. त्यांनी पुढचा कंद उचलला. जिबिनचं डोकं सटकलं. त्याने देवघरातलं कपाट धुंडाळलं, पलंगाखालची पेटी, माळा, शेवटी फ्रीजच्या वरचं टोपलंसुद्धा. घरात पुठ्ठ्याच्या नव्या प्रतीशिवाय कॅथलिक बायबलं पाच निघाली, एकही उघडून सपाट न पडणारं. दुसरं एकही नाही.

"कुठेय ते?" तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओरडला. "की तू पाठ होतं म्हणून लिहिलंस?"

शोशाम्मांनी सुरी ठेवली. हात पुसले आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. जिबिन पाठोपाठ गेला.

घरामागे रबराच्या शिटा वाळवायची धुरखोली होती. जिबिनच्या लहानपणीच तिचा उपयोग संपला होता. आता चीक सरळ डब्यातून विकला जायचा, शिटा कोणी करत नव्हतं. तरी अम्मची रोज दुपारी तासभर तिकडे जायची. का जाते, हे घरात कोणी कधी विचारलं नव्हतं. म्हातारी माणसं कुठे ना कुठे जातातच.

आत भिंती काळ्याकुट्ट होत्या. खिडकीखाली चीक गोठवायचा एक पत्र्याचा ट्रे पालथा घातलेला, त्याच्यामागे बसायला पोतं. ट्रेवर बॉलपेन, आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. शोशाम्मांनी डबा उघडला. आतलं पुस्तक चहासारख्या रंगाचं झालं होतं.

"आईने लग्नात दिलेलं," त्या म्हणाल्या. "मी कोळेंचेरीची, मार्थोमा घरातली. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, हे पुस्तक या घरात येता कामा नये. तुझे आजोबा म्हणाले, धुरखोली काही घर नाही."

"आणि तेव्हापासून..."

"शिटा परतायला यायचे ना रोज. एक शीट परतायची, एक ओळ वाचायची."

जिबिनने वाकून ट्रेपाशी पडलेली नव्या वहीची पिशवी उचलली, काही न करता परत ठेवली. त्याला वही क्रमांक एकवरची तारीख आठवली. पणजी, म्हणजे अम्मचीच्या याच सासूबाई, अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन गेली होती. तिच्या एकेचाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला घरात दोनशे माणसं जेवली होती. तारीख त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. आणि भरलेल्या वह्या मात्र कायम जेवणघरात, येशूच्या तसबिरीखाली, सगळ्यांच्या नाकासमोर ठेवलेल्या असायच्या.

त्याने मास्तरांना धुरखोलीत आणलं. मास्तर दारात वाकून आत आले, डोकं चौकटीला आपटलं, पुस्तक पाहिलं, ट्रे पाहिला. फूटपट्टी सोबत आणली होती ती काढली नाही.

"मूळ प्रत पाहिली," ते म्हणाले. मग डोकं चोळत म्हणाले, "नियम चार मात्र आहेच."

आठ महिन्यांत सहा वह्या झाल्या. सात पुस्तकं आणि वर मास्तरांनी शोधून काढलेले इतर दोन पुस्तकांतले जास्तीचे तुकडे. हीसुद्धा शोशाम्मांनी धुरखोलीतच लिहिली. नवं पुठ्ठ्याचं बायबल घरात चाललं असतं. पण त्यालाही जरा वास लागू दे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

सणाच्या दिवशी फादरना वेदीवर काहीतरी ठेवणं भाग होतं, कारण कमानीवरचा फलक आधीच छापून आला होता. चव्वेचाळीस वह्या ठेवल्या गेल्या. मास्तर सकाळपासून शेजारी उभे राहिले, कोणी क्रम बिघडवू नये म्हणून. अडतीस आणि सहा यांच्या मध्ये त्यांनी आपली फूटपट्टी आडवी ठेवली होती. लोक रांगेने येत, वहीला हात लावत, हात डोळ्यांना लावत आणि मग हाताचा वास घेत. दुपारी फादरनी पहिलं बक्षीस जाहीर केलं. बक्षीस म्हणून चेनवालं बायबल होतं. चेन बंदच होती. संध्याकाळी मास्तरांनी दप्तरात लिहिलं: पात्र प्रवेशिका शून्य.

घरी आल्यावर जिबिनने बूट न काढताच सांगितलं, "चला, आता ते पुस्तक आत आणू. वेदीवर जाऊन आलंय तिथलं सगळं."

"वह्या जाऊन आल्या. पुस्तक नाही."

"अम्मची! आता कोण अडवतंय?"

"सासूबाई नको म्हणाल्या होत्या."

"त्या वारल्या!"

"वारल्या म्हणजे काय झालं? शब्द मागे घेतला असं कुठे म्हणाल्या त्या?"

जिबिनने डोळे मिटले आणि मनात जर्मनमध्ये दहापर्यंत अंक मोजले. सातावर अडकला. उघडले तेव्हा शोशाम्मा वही क्रमांक पंचेचाळीस घेऊन बसल्या होत्या. पहिल्या पानावर त्यांनी समास आखला. मग त्याच अक्षरात, ज्या अक्षरात सहासष्ट अधिक सात पुस्तकं उतरवली होती, त्यांनी लिहिलं:

प्रति, मा. फादर, सेंट सेबास्त्यानोस चर्च.
मार्फत: श्री. औसेप्प मास्तर.
विषय: पुस्तक घरात आणण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविते की, माझ्या सासूबाई कै. मरियाम्मा, सध्या राहणार आपल्याच चर्चची दफनभूमी, उत्तरेकडील रांग, यांनी माझ्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी दिलेला तोंडी हुकूम आजतागायत लागू आहे. तरी आपण हा अर्ज योग्य मार्गाने त्यांच्यापर्यंत पोचवून, सदर हुकूम मागे घेतल्याचे त्यांचे लेखी उत्तर स्वाक्षरीसह मिळवून द्यावे. सासूबाईंना वाचता येत नसल्याने अंगठा चालेल. उत्तर येईपर्यंत मी रोज दुपारी दोन ते तीन धुरखोलीत उपलब्ध असेन. कळावे, ही नम्र विनंती.