खलाशांच्या नावानं

लंडनची फर्म, सिव्हिल इंजिनिअरिंगची, थाट मात्र पलटणीतला. ती काढली लष्करी शाळेत शिकलेल्या, हिंदुस्थानात कालवे खणून आलेल्या साहेबांनी. खणून म्हणजे खणवून. इंजिनिअर तेव्हा फौजेतलाच असायचा, सिव्हिल नंतर आला. फौजेची खोड गेली नाही. वार्षिक डिनरला सगळ्यात नवा चार्टर्ड इंजिनिअर टेबलाच्या शेवटी बसतो. त्याला व्हाइस म्हणतात. सगळे उठतात, व्हाइस टोस्ट देतो, सगळे पितात, मग बसतात. प्यायल्याशिवाय बसायचं नाही.

२००६ साली व्हाइस होती नागपूरची स्वराली गजभिये.

"एक वाक्य आहे," डिनरला जाताना ट्यूब रेल्वेत मिलिंददादा तिला म्हणाला. फर्ममधला जुना माणूस, पिनरला राहायचा. "'आपल्याला घडवणाऱ्या शाळेला.' म्हण आणि बस. पुढच्या महिन्यात तुझं वर्क परमिट रिन्यू व्हायचंय. सही चेअरमनची, म्हणजे मेजरची लागते."

"माझा पणजोबा सर्व्हेत मोजणीची साखळी ओढणारा खलाशी होता, दादा. त्या शाळेनं त्याला घेतलं असतं?"

"नसतं घेतलं. पण वाइन बरी असते."

पुडिंग आलं. चेअरमन मेजर साहेब उठला, मागोमाग सगळे.

"मिस्टर व्हाइस," तो म्हणाला. बाई असली तरी मिस्टरच.

स्वरालीनं ग्लास उचलला. "ज्यांना त्या शाळेच्या दारातही उभं केलं नाही आणि ज्यांनी साहेबांची साखळी ओढली, त्या खलाशांना."

ग्लास हवेतच राहिले.

"हा टोस्ट नाही. पुन्हा," मेजर म्हणाला.

"टोस्ट व्हाइस देतो, सर. मी दिला."

आता पंचाईत. प्यावं तर खलाशांचा मान, न प्यावं तर उभं राहा. सत्तरीचे डायरेक्टर, गुडघे बदललेले. कुणी पाय बदलला, कुणी टेबलाला टेकलं. स्वराली हलली नाही. साइटवर चिखलात उभं राहायची तिला सवय होती.

"कस्टर्डला साय धरली," मिलिंद म्हणाला. "खलाशांना." प्यायला आणि बसला. शेजारचा म्हातारा डायरेक्टर घाईनं प्यायला. मग खुर्च्याच खुर्च्या वाजल्या.

उरला मेजर.

"तुझ्या परमिटचा कागद सोमवारी माझ्याकडे येतोय."

"माहीत आहे. करायची तर सही करा, नाहीतर नका करू. टोस्ट तोच राहील."

ती प्यायली, बसली, साय बाजूला सारून कस्टर्ड खायला लागली. कॉफी आली, कप उचलले गेले. मेजर भरला ग्लास घेऊन उभाच होता. रिवाज त्याच्याच फर्मचा.